इंदूरच्या उन्हात गव्हाच्या कुरडया: गहू निवडण्यापासून डबा भरेपर्यंत

इंदूरच्या मराठी घरांत कुरडईची कृती बऱ्याचदा खानदेशातून आलेली असते आणि गहू असतो माळव्याचा. या दोघांचं जमवून देणं हीच या कामातली मेख. एबी रोडने सेंधवा मागे टाकून बिजासन घाट उतरला की शिरपूर, धुळं. तिकडच्या आत्या-मावश्या फोनवर ठामपणे सांगतात, "तीन दिवस भिजव, चौथ्या दिवशी वाट." तिकडच्या उन्हाळ्यात ते बरोबरच आहे. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर. दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी रात्री गच्चीवर झोप लागते. 'शबे-मालवा', म्हणजे माळव्याची रात्र, उगाच नाही म्हणत. रात्री गारवा असला की भिजलेला गहू हळू आंबतो. म्हणून या लेखात मी दिवस सांगेन, पण ते अंदाजापुरते धरा. खरी परीक्षा दाणा चिमटीत दाबून, चीक (म्हणजे भिजलेल्या गव्हातून निघणारं पांढरं सत्त्व) बोटाला लावून आणि नाकाने करायची.

कुरडया घालायचा काळ म्हणजे एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा. अक्षय तृतीयेला नैवेद्याच्या पानात नवी कुरडई हवी असेल तर त्याआधी आठवडाभर तरी काम उरकायला हवं. मेच्या शेवटी संध्याकाळी आंधी सुटते, वळीव येतो, आणि ओल्या कुरडयांवर धूळ बसली की ती निघत नाही. झटकून, पुसून, कशानेही नाही.

गहू कोणता घ्यायचा

छावनीतल्या धान्याच्या दुकानात उभं राहिलं की समोर पोती मांडलेली असतात: लोकवन, मालवराज, पूर्णा, शरबती. दुकानदार बहुधा मालवराजच पुढे करतो. "आंटी, दाना देखो, कैसा सोने जैसा है!" दाणा खरंच देखणा असतो. पण तो कठिया जातीचा गहू. कठीण, काचेसारखा, पिवळसर, प्रथिनं जास्त. बाफले, दलिया, लाडू यांना तो उत्तम. कुरडईला मात्र आपल्याला प्रथिनं नकोत, गव्हातलं सत्त्व म्हणजे स्टार्च हवा. कठिया गहू भिजायला वेळ घेतो, चीक पिवळट येतो, आणि गाळताना चिकट तंतू हाताला फार त्रास देतात.

कुरडईला लोकवन घ्या. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला हा 'लोक-1' माळव्यात आता घरचाच झालाय. दाणा टपोरा, भिजायला सोपा, चीक पांढरा. पूर्णाही चालतो. शरबती कुरडईत घालणं म्हणजे मला तरी उधळपट्टी वाटते. ज्या गुणासाठी त्याचे जास्त पैसे मोजायचे तो पोळीत दिसतो, इथे तर आपण ते सगळं धुऊनच टाकणार.

दोन गोष्टी विचारूनच घ्या. पेरणीचा, औषध लावलेला गहू चुकूनही नको. तो कितीही धुतला तरी खाण्याजोगा होत नाही. आणि घरातल्या साठवणीचा गहू वापरणार असाल तर एरंडेल चोळलेला घेऊ नका. तेलाच्या थरामुळे पाणी उशिरा मुरतं आणि चिकालाही वास राहतो.

सुरुवात दोन किलोंपासून करा. त्याहून कमी गव्हासाठी एवढा पसारा मांडणं परवडत नाही आणि पाच किलोंचा चीक ढवळायला दोन माणसं लागतात. दोन किलो गव्हाच्या वाळलेल्या कुरडया साधारण किलोभराच्या आत भरतात. गहू कसदार असेल आणि चोथा नीट पिळला असेल तर किलोच्या जवळ जातात.

नळाचं वेळापत्रक आणि भिजवण

इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. कुरडईला सगळ्यात जास्त पाणी लागतं ते गहू वाटायच्या दिवशी: दाणे धुणं, चोथा खळबळणं, भांडी, जमीन. तेव्हा उलटा हिशोब करा. ज्या दिवशी नळ येणार त्या संध्याकाळी वाटायचं ठरवा आणि तिथून तीन दिवस मागे मोजून गहू भिजत घाला. तो दिवस बिनपाण्याचा येईल, पण भिजवायला बादलीभर पुरतं. सुट्टीची सकाळ चीक शिजवायला हवी असेल तर बुधवारी संध्याकाळी भिजवा, शनिवारी संध्याकाळी वाटा, रविवारी पहाटे शिजवा.

गहू निवडून, दोन-तीनदा धुऊन मोठ्या स्टीलच्या पातेल्यात घाला. पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, पाणी आंबट होणार आहे. पाणी गव्हाच्या वर चार बोटं हवं, कारण दाणे फुगतात. पातेलं सावलीत ठेवा आणि वर फडकं बांधा; घट्ट झाकण लावलं तर वास कोंडतो.

पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. दुसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतील, आंबूस वास येईल. तो यायलाच हवा. आंबण्यामुळे दाण्यातली प्रथिनं सैल पडतात, सत्त्व सुटं होतं आणि वाटताना कणकेसारखा चिकट गोळा बनत नाही. न आंबवता गहू वाटला तर रबरासारखं काहीतरी हाती येतं आणि चीक त्यातच अडकतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक दाणा अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबा. साल एकीकडे व्हावी आणि आतून दुधासारखा पांढरा द्रव पिचकन बाहेर यावा. आत कणी लागली तर आणखी एक दिवस ठेवा. मार्चमध्ये घालत असाल तर चार दिवस लागू शकतात. मेच्या भर उन्हाळ्यात अडीच दिवसांतही काम होतं. आंबट वास चालेल. कुजकट वास आला, वर गुलाबी किंवा काळी बुरशी दिसली, तर गहू टाकून द्या. तिथे काटकसर नको.

वाटणं आणि गाळणं

वाटायच्या आधी गहू चार-पाच पाण्यांतून खळखळून धुवा, आंबट वास जवळजवळ जाईपर्यंत. हे पाणी बरंच निघतं. ते गच्चीवरच्या कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला घालता येतं, पण तिप्पट-चौपट साधं पाणी मिसळून आणि एकदाच. रोज घातलं तर मातीवर पांढरा थर धरतो आणि चिलटं येतात.

मिक्सरमध्ये भांड्याच्या निम्म्यापर्यंतच गहू घ्या, त्यावर बुडेल इतकं गार पाणी. थांबत थांबत फिरवा, एका दमात नाही. हेतू गव्हाची पेस्ट करायचा नसून साल फोडून आतलं सत्त्व मोकळं करायचा आहे. जास्त वाटलं की सालीचाही भुगा होतो, तो गाळणीतून खाली जातो आणि कुरडई तपकिरी होते. ज्यांच्याकडे पाटा-वरवंटा आहे आणि जोर आहे, त्यांच्या कुरडया जास्त पांढऱ्या येतात ते याचमुळे.

वाटलेलं आधी पिठाच्या चाळणीतून गाळा. चाळणीवर उरलेला चोथा दुसऱ्या पातेल्यात पाणी घेऊन हाताने कुसकरा, पिळा, पुन्हा गाळा. असं तीनदा. तिसऱ्या वेळचं पाणी पातळ दिसेल, तरी त्यातही चीक असतो. मग सगळं दूध एकत्र करून मलमलीच्या फडक्यातून किंवा जुन्या स्वच्छ पंच्यातून गाळा. इथे घाई करायची नाही. फडक्यात गाळ साचला की ते धुऊन घ्या, नाहीतर पाणी जिरतच नाही आणि आपण पिळत बसतो. चोथा टाकू नका. त्याचं काय करायचं ते पुढे येतं.

निवळण

हा टप्पा सगळ्यात कमी कामाचा आणि सगळ्यात महत्त्वाचा. गाळलेलं दूध उंच, अरुंद पातेल्यात घाला. पसरट भांड्यात थर पातळ बसतो आणि पाणी ओतताना चीक ढवळला जातो. पातेलं रात्रभर, आठ ते दहा तास, जागचं हलवू नका.

सकाळी तीन थर दिसतील. वर पिवळसर पाणी, मध्ये करडा, बुळबुळीत पातळ थर, आणि तळाला पांढराशुभ्र घट्ट चीक. पाणी हलक्या हाताने ओतून द्या. करडा थर चमच्याने खरवडून वेगळ्या वाटीत काढा. बरेच जण इथे कंटाळा करतात आणि तो थर चिकातच ढवळून टाकतात. तळल्यावर कुरडई लालसर का होते याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

चीक अजून आंबट वाटत असेल किंवा रंगाबद्दल चोखंदळ असाल तर त्यावर ताजं पाणी घालून ढवळा आणि तीन-चार तास पुन्हा बसू द्या. हे दुसरं धुणं केलं की रंग लख्ख येतो. काही घरांत रंगासाठी पाण्यात तुरटी फिरवतात. मला त्याची गरज वाटत नाही.

आणि आकाशात ढग असतील तर? चीक वर पाणी ठेवून फ्रिजमध्ये ठेवा, रोज पाणी बदला. दोन दिवस सहज राहतो. शिजवलेला चीक मात्र थांबत नाही, त्यामुळे ऊन बघूनच गॅस पेटवायचा.

चीक शिजवणं

पहाटे साडेपाचला सुरुवात केली तर आठापर्यंत कुरडया गच्चीवर पडतात आणि त्यांना पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं.

तळाचा चीक पाणी काढल्यावर इतका घट्ट असतो की चमचा उभा राहतो. तो वाटीने मोजा. जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी. या पाण्यातलं पाव पाणी चिकात घालून गुठळ्या मोडा; भज्यांच्या पिठाइतका सैल झाला पाहिजे. उरलेलं पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवा. चार वाट्या चिकाला सपाट एक छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर हिंग. मीठ चवीला कमी वाटेल, तरी वाढवू नका. वाळल्यावर पाणी उडतं आणि मीठ तेवढंच राहतं. खारट कुरडईला वर्षभर उपाय नसतो.

पाण्याला खळखळून उकळी आली की आच मंद करा. एकाने चीक बारीक धारेने ओतायचा, दुसऱ्याने लाटण्याने किंवा लाकडी कालथ्याने सतत एकाच दिशेने ढवळायचं. एकट्याने हे होत नाही असं नाही, पण कुणाला तरी उठवा. गव्हाचं सत्त्व साठ अंशांच्या आसपासच फुगायला लागतं. म्हणजे धार पाण्यात पडते त्याच क्षणी ते घट्ट होत असतं, आणि हात थांबला की तिथे गाठ. गाठ झालीच तर कालथ्याने कडेला दाबून तेव्हाच मोडा. मागाहून ती मोडत नाही आणि सोऱ्याच्या जाळीत अडकते.

सगळा चीक पडला की मंद आचेवर झाकण ठेवून दहा ते पंधरा मिनिटं शिजवा, दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळत. आधी तो दुधी पांढरा असतो. हळूहळू रंग बदलतो, चकाकी येते, अर्धपारदर्शक होतो आणि कालथ्याबरोबर गोळा होऊन कडा सोडतो. ओल्या बोटाने स्पर्श करून बघा. बोटाला चिकटला नाही तर झाला. चिकटला तर आणखी पाच मिनिटं. फार घट्ट होऊन ढवळेनासा झाला तर उकळतं पाणी अर्धी वाटी घाला, गार नाही.

तुमच्या कुरडया फुलणार की दगड राहणार, हे इथेच ठरतं. कच्च्या चिकाची कुरडई वाळताना तडकते आणि तेलात आतून कडक राहते. शंका आली तर जास्त शिजवा; चीक जास्त शिजला म्हणून कुरडई बिघडत नाही.

या वेळी घरातली पोरं स्वयंपाकघरात येतात. गरम चीक वाटीत घेऊन वर तूप-साखर, किंवा कच्चं तेल आणि लाल तिखट. आमच्याकडे या दोन पक्षांत दर उन्हाळ्यात वाद असतो. मी तेल-तिखटाच्या बाजूने. त्यासाठी दोन वाट्या चीक जास्तच धरा, नाहीतर कुरडया घालायच्या आधीच पातेलं निम्म्यावर येतं.

सोऱ्या आणि गच्ची

सोऱ्या पितळेचा असेल तर उत्तम. नवा घ्यायचा असेल तर राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात घ्या आणि दुकानातच दाबून बघा. दांडा सरळ खाली जायला हवा, कडेने घासायला नको. जाळी बारीक शेवेची नको आणि चकलीची तर नकोच. मधल्या भोकांची, जाड शेवेची घ्या. फार बारीक जाळीच्या कुरडया दिसतात सुंदर, पण डब्यात चुरा होतो.

सोऱ्याला आतून तेलाचा हात लावा. चीक गरम असतानाच भरायचा. पातेलं गच्चीवर नेताना झाकून, जाड टॉवेलात गुंडाळून न्या, म्हणजे शेवटच्या सोऱ्यापर्यंत तो गरम राहतो. गार झालेला चीक दाबायला दोन माणसांचं बळ लागतं आणि शेव तुटते.

खाली काय अंथरायचं, यावर मतभेद आहेत. बहुतेक जण प्लॅस्टिक अंथरतात. मला गरम चीक प्लॅस्टिकवर घालणं पटत नाही. जुनं सुती धोतर किंवा पांढरी चादर ओली करून, पिळून, खाटेवर ताणून अंथरा. इंदूरच्या गच्चीची फरशी अकरा वाजता पाय ठेवू देत नाही. थेट तिच्यावर अंथरलं तर कुरडया खालून लवकर आवळतात आणि वाकड्या होतात. खाटेवर खालूनही हवा खेळते.

हात गोल फिरवत तीन-चार वेढे टाका, तळहाताएवढी कुरडई पुरे. मधोमध ढीग होऊ देऊ नका, तिथेच ओल राहते. वरून मच्छरदाणीचं जुनं कापड खाटेच्या चार काठ्यांवर ताणून बांधा. कबुतरं आणि धूळ दोन्ही अडतात आणि ऊन अडत नाही.

दुपारी चारच्या सुमारास वरची बाजू कोरडी झालेली असते. आता कापड उलटं करून मागून पाण्याचा हलका शिपका मारा आणि कुरडया एकेक सोडवा. ओढू नका, कापड ओढा. सोडवलेल्या कुरडया उलट्या बाजूने सुपात किंवा परातीत ठेवा. रात्री घरात घ्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. तिसऱ्या संध्याकाळी एक कुरडई मधल्या जाड जागी मोडा: कट् आवाज होऊन तुटली तर वाळली, लवली तर चौथं ऊन द्या.

चोथ्याच्या भुसवड्या

चोथा, काढून ठेवलेला करडा थर आणि एक वाटी चीक एकत्र करा. त्यात लाल तिखट, जिरं, तीळ, ठेचलेला लसूण आणि मीठ. माळव्याचा लसूण झणझणीत असतो, दोन किलो गव्हाच्या चोथ्याला एक गड्डी पुरते. हे मिश्रण थोड्या उकळत्या पाण्यात घालून दहा मिनिटं वाफ द्या आणि ओल्या हाताने चपट्या वड्या थापा. कुरडयांच्या शेजारीच वाळतात. तळून किंवा तेल लावून भाजून, खिचडीबरोबर.

साठवण आणि तळणं

उन्हातून काढलेल्या गरम कुरडया थेट डब्यात भरू नका. तास-दोन तास सावलीत गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते. पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा, तळाला कागद, मध्ये मध्ये कागद. इंदूरला पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात पोचतो. त्याआधी डब्याला एक ऊन दाखवा. पावसाळ्यात रोज लागणाऱ्या पंधरा-वीस कुरडया लहान डब्यात काढून ठेवा आणि मोठा डबा बंदच राहू द्या. अशा कुरडया वर्षभर टिकतात.

तळताना तेल चांगलं तापवा. छोटा तुकडा टाका. तो क्षणात फुलून वर यायला हवा. तळाशी रेंगाळला तर तेल गार आहे आणि कुरडई तेल पिईल. धूर निघत असेल तर आच कमी करा, नाहीतर ती फुलायच्या आत लाल होते. कढई पसरट हवी, एका वेळी एकच कुरडई, झाऱ्याने मध्यभागी हलकेच दाबून, दोन्ही बाजूंनी मिळून काही सेकंदच.

तळण नको असेल त्या दिवशी कुरडईची भाजी करा. पावसाळ्यात चोइथराम मंडीतले भाव ऐकून पिशवी रिकामीच परत आणावीशी वाटते, तेव्हा ही फार उपयोगी पडते. चार-पाच कुरडया मोडून कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि निथळा. तेलात मोहरी, जिरं, हिंग, भरपूर लसूण आणि दोन मोठे उभे चिरलेले कांदे परता. हळद-तिखट घाला, कुरडई घाला, पाण्याचा शिपका मारून झाकण ठेवा. पाच मिनिटांत मऊ होते. मीठ शेवटी, चव बघून. कुरडईत ते आधीच असतं. वर कोथिंबीर, लिंबू, आणि बाजूला ज्वारीची भाकरी.